सोमल : एका विषाची औषधापर्यंतची वाटचाल

१.
पांढरी, गंधहीन, चवीला जवळजवळ काहीच न लागणारी पूड. मराठीत तिला सोमल म्हणतात, रसायनशास्त्रात आर्सेनिक ट्रायऑक्साइड. संपत्तीसाठी उतावीळ झालेल्या वारसांनी युरोपात तिचा इतका वापर केला की फ्रेंच भाषेत तिला ‘वारशाची भुकटी’ हे नाव पडले. १८३६ साली जेम्स मार्श या इंग्रज रसायनज्ञाने मृतदेहातील आर्सेनिक ओळखण्याची खात्रीची कसोटी प्रसिद्ध केली, तेव्हा कोठे विषप्रयोग करणाऱ्यांना धाक बसला.

२.
आज हीच पूड शुद्ध द्रावणाच्या रूपात रुग्णालयांत शिरेवाटे दिली जाते आणि रक्ताच्या एका अतिशय घातक कर्करोगाचे बहुसंख्य रुग्ण तिच्यामुळे बरे होतात. त्याआधी तिच्याच कुळातील औषधांनी उपदंश आणि आफ्रिकेतील निद्रारोग यांच्याशी झुंज दिली होती. जे द्रव्य प्रत्येक सजीव पेशीला जाचते, ते रोग्याला वाचवून रोगाला कसे मारते? हा प्रश्न सुटायला सुमारे २०० वर्षे लागली. त्या काळाचा हा धागा.

३.
आर्सेनिकचा औषधी वापर प्राचीन आहे. हरताळ आणि मनशीळ ही आर्सेनिक आणि गंधक यांची पिवळी व तांबडी खनिजे. चरकसंहितेत त्यांचा उल्लेख आहे, पुढील रसग्रंथांत त्यांच्या शोधनाच्या रीती आहेत. ग्रीक आणि चिनी वैद्यही ती वापरत. प्रामुख्याने जखमा, त्वचेचे विकार आणि ताप यांवर त्यांचा प्रयोग होई. गुण येतो, हा अनुभव सर्वत्र होता. तो कोणाला येतो, किती मात्रेत येतो आणि का येतो, याचे उत्तर मात्र कोणत्याच परंपरेजवळ नव्हते.

४.
आधुनिक काळातील पहिला टप्पा इंग्लंडमधील स्टॅफर्ड गावातला. तेथे हिवतापावर एक ‘बेचव थेंब’ नावाचे गुप्त पेटंट औषध खपत असे. त्यात आर्सेनिक असल्याचे उघड झाले, तेव्हा टॉमस फाउलर या डॉक्टराने ठरावीक प्रमाणाचे स्वतःचे द्रावण तयार केले आणि १८७६ च्या ९० वर्षे आधी, म्हणजे १७८६ साली, आपल्या रुग्णांचे अनुभव पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले. द्रावण पाण्यासारखे दिसू नये म्हणून त्यात लव्हेंडरचा अर्क मिसळलेला असे. या ‘फाउलरच्या द्रावणा’चे महत्त्व मोजमापात आहे. चिमूटभर विषाच्या जागी थेंबांची ठरावीक मात्रा आली.

५.
पुढील शतकभर हे द्रावण हिवताप, दमा, त्वचारोग, अशक्तपणा अशा कशावरही दिले जाई. १८६५ साली लिसाउअर या जर्मन डॉक्टराने ते रक्तकर्करोगाच्या रुग्णाला दिल्यावर प्रकृती सुधारल्याची नोंद केली. १८७८ साली बॉस्टनमध्ये कटलर आणि ब्रॅडफर्ड यांनी पुढचे पाऊल टाकले. आर्सेनिक सुरू असताना रक्तातील पांढऱ्या पेशी खरोखर कमी होतात, हे त्यांनी पेशी मोजून दाखवले. १८८२ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात अशाच एका रुग्णाची हकीकत एका तरुण डॉक्टराने लिहिली. त्याचे नाव आर्थर कॉनन डॉयल. शेरलॉक होम्स अजून जन्मायचा होता.

६.
ही सुधारणा टिकत नसे. रोग काही महिने मागे हटे आणि पुन्हा उसळे. शिवाय दुसरे एक अस्वस्थ करणारे निरीक्षण पुढे आले. लंडनच्या जोनाथन हचिन्सन या शल्यचिकित्सकाने १८८० च्या दशकाच्या उत्तरार्धात दाखवून दिले की वर्षानुवर्षे आर्सेनिक घेणाऱ्यांच्या तळहातांवर आणि तळपायांवर राठ चट्टे येतात आणि त्यांतून पुढे त्वचेचा कर्करोग उद्भवतो. म्हणजे कर्करोग मागे हटवणारे द्रव्य कर्करोग निर्माणही करत होते. हा विरोधाभास उलगडण्याचे साधन त्या काळी नव्हते.

७.
आता कथा आफ्रिकेत जाते. त्सेत्से माशीच्या दंशाने तेथे गुरे, घोडे आणि माणसे मरत. डेव्हिड लिव्हिंगस्टन या प्रवासी मिशनऱ्याने अशा आजारी घोडीला आर्सेनिक दिले होते. ती काही काळ सुधारली, पण अखेरीस मेली. हा अनुभव त्याने १८५८ साली प्रसिद्ध केला. या रोगाचे कारण असलेला ट्रिपॅनोसोम हा एकपेशीय परजीवी तेव्हा ठाऊक नव्हता. विसाव्या शतकाच्या आरंभी युगांडात निद्रारोगाची भीषण साथ पसरली आणि व्हिक्टोरिया सरोवराच्या काठची गावे ओस पडू लागली. तेव्हा युरोपीय वसाहतकार औषधाच्या शोधाला लागले.

८.
१९०५ साली लिव्हरपूलमध्ये टॉमस आणि ब्राइनल या संशोधकांनी ‘अॅटॉक्सिल’ नावाचे आर्सेनिकयुक्त सेंद्रिय रसायन ट्रिपॅनोसोमवर लागू पडते, असे प्राण्यांवरील प्रयोगांत दाखवले. ‘अॅटॉक्सिल’ या नावाचाच अर्थ ‘बिनविषारी’. साध्या सोमलाच्या तुलनेत ते सौम्य होते, एवढेच त्यात तथ्य.

९.
१९०६-०७ मध्ये क्षयाच्या जंतूचा शोध लावणारा रॉबर्ट कॉख व्हिक्टोरिया सरोवरातील सेसे बेटांवर तळ ठोकून बसला. त्याच्या छावणीत दीड हजारांहून अधिक आफ्रिकी रुग्णांना अॅटॉक्सिल टोचले गेले. आरंभी सुधारणा दिसली, मग रोग उलटू लागला, तेव्हा मात्रा वाढवण्यात आली. वीसहून अधिक रुग्णांच्या डोळ्यांच्या नसा जळाल्या आणि ते कायमचे आंधळे झाले. ‘बिनविषारी’ औषधाचे विष किती, हे ज्यांच्या शरीरावर ठरले, त्यांची नावे इतिहासाच्या पुस्तकांत सापडत नाहीत. कॉखचे नाव मात्र सापडते.

१०.
त्याच सुमारास फ्रँकफर्टमध्ये पाउल एर्लिक याच रसायनावर विचार करत होता. रंगद्रव्ये ठरावीक पेशींनाच रंगवतात, हे त्याने तरुणपणी पाहिले होते. रंग निवडून चिकटतो, तर विषही निवडून चिकटेल, ही त्याची मूळ कल्पना. त्याचा सहकारी आल्फ्रेड बेर्टहाइम याच्यासह त्याने १९०७ साली अॅटॉक्सिलची खरी रचना निश्चित केली. रचना कळल्यामुळे तिच्यात हवे तसे फेरफार करण्याचा मार्ग मोकळा झाला आणि शेकडो नवी आर्सेनिकयुक्त रसायने प्रयोगशाळेत आकार घेऊ लागली.

११.
एर्लिकच्या दोन निरीक्षणांकडे लोकप्रिय इतिहास सहसा दुर्लक्ष करतो. पहिले असे : काचेच्या नळीत अॅटॉक्सिल ट्रिपॅनोसोमला मारत नाही, प्राण्याच्या शरीरात मारते. म्हणजे शरीर त्याचे रूप बदलते आणि ते बदललेले रूपच घातक असते. दुसरे असे : अर्धवट मात्रा मिळत राहिली तर परजीवींची अशी पिढी तयार होते की तिच्यावर आर्सेनिक चालतच नाही. औषधाला न जुमानणाऱ्या जंतूंची समस्या प्रतिजैविकांच्या कितीतरी आधी, १९०७ च्या सुमारास, त्याच्या उंदरांच्या पिंजऱ्यात दिसली होती.

१२.
उपदंशाचा जंतू १९०५ साली बर्लिनमध्ये सापडला. १९०९ साली टोकियोहून सहाचिरो हाता हा संशोधक फ्रँकफर्टला आला. उपदंशाची लागण सशांत कशी करायची, यात तो निष्णात होता. काही काळापूर्वीच तयार होऊन बाजूला पडलेली रसायने त्याने चिकाटीने पुन्हा तपासली आणि क्रमांक ६०६ ने सशांच्या जखमा बऱ्या केल्या. एप्रिल १९१० मध्ये विस्बाडेन येथील परिषदेत हे जाहीर झाले. त्याच वर्षी होक्स्ट कंपनीने ते ‘साल्वर्सान’ नावाने बाजारात आणले. त्यापूर्वी सुमारे ६५ हजार मात्रा डॉक्टरांना चाचणीसाठी विनामूल्य वाटण्यात आल्या होत्या.

१३.
एका गोळीत रोग पार, अशी साल्वर्सानची ख्याती झाली. वास्तव इतके सोपे नव्हते. हवा लागताच ते बिघडे, म्हणून ते काचेच्या बंद कुपीत येई. ऐन वेळी ते विरघळवून काळजीपूर्वक टोचावे लागे. सुई चुकली तर स्नायू सडत. उपचार महिनोन्‌महिने चाले, म्हणून अनेक रुग्ण तो मध्येच सोडत. काही रुग्ण औषधानेच दगावले आणि एर्लिकवर जाहीर आरोपही झाले. तरीही पाऱ्याच्या उपचारांपेक्षा ते उजवे होते. १९४३ साली पेनिसिलिन उपदंशावर यशस्वी ठरले आणि मग साल्वर्सानचे युग मावळले.

१४.
एर्लिक १९१५ साली वारला. आर्सेनिक पेशीतील नेमके कशाला चिकटते, हे त्याला सांगता आले नव्हते. त्याने त्या अज्ञात जागेला नाव मात्र दिले होते : ‘आर्सेनिकग्राहक’. १९२३ साली अमेरिकेत कार्ल व्होग्टलिन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी तिचा माग काढला. आर्सेनिकला गंधकाची ओढ असते. पेशीतील अनेक प्रथिनांच्या कार्यकारी टोकांवर गंधकाचे अणू असतात, आर्सेनिक त्यांनाच जाऊन घट्ट धरते. हरताळ आणि मनशीळ यांत आर्सेनिक गंधकासोबतच सापडते, हा योगायोग नव्हे. खाणीत दिसणारी ती ओढ पेशीतही तशीच असते.

१५.
येथे पेशीच्या अंतर्गत कारभाराकडे पाहायला हवे. प्राणवायूवर जगणाऱ्या प्रत्येक पेशीत हायड्रोजन पेरॉक्साइडसारखी दाहक रसायने सतत तयार होतात. त्यांना निष्प्रभ करण्यासाठी पेशी ग्लुटाथायोन नावाचा गंधकयुक्त पदार्थ साठवून ठेवते. आर्सेनिक हा साठा अडकवून टाकते आणि पेशीतील ऊर्जाकेंद्रांचे कामही बिघडवते. दाहक रसायने वाढत जातात, त्यांना आवरणारे कमी पडतात. याला ऑक्सिडीकरणाचा ताण म्हणतात. ताण मर्यादेपलीकडे गेला की पेशी मरते.

१६.
हा ताण वेढ्यासारखा असतो. समजा, दोन किल्ल्यांना एकाच दिवशी सारखाच वेढा पडला. एकाचे अंबरखाने भरलेले आहेत, दुसऱ्याच्या कोठारात जेमतेम आठवड्याचे धान्य आहे. वेढा तोच, पण दुसरा किल्ला आधी पडणार. आर्सेनिकची सगळी औषधे या फरकावर उभी आहेत. विष रोगी पेशीवरही पडते आणि निरोगी पेशीवरही. रोगी पेशीचा राखीव साठा तोकडा असेल आणि मात्रा नेमकी असेल, तरच रोग आधी कोसळतो. साठ्यांतील हा फरक नसेल, तर उरते केवळ विष.

१७.
या ज्ञानाचा पुढचा अध्याय युद्धाने लिहिला. लुइसाइट हा आर्सेनिकयुक्त विषारी वायू शत्रू वापरील, या भीतीने दुसऱ्या महायुद्धात ऑक्सफर्डच्या रुडॉल्फ पीटर्स यांनी उतारा शोधला. तर्क सरळ होता : आर्सेनिकला गंधक हवे, तर त्याला प्रथिनांपेक्षा अधिक सोयीचे गंधक देऊ. शेजारी शेजारी दोन गंधकटोके असलेला एक लहान रेणू तयार झाला. त्याला ‘बाल’ हे संक्षिप्त नाव मिळाले. पुढे तो आर्सेनिक आणि इतर जड धातूंच्या विषबाधेवरचा उतारा म्हणून जगभर वापरला गेला.

१८.
१९४९ साली अर्न्स्ट फ्रीडहाइम यांनी निद्रारोगावरचे आर्सेनिक आणि त्याचाच उतारा एकत्र बांधून ‘मेलार्सोप्रोल’ तयार केले. मेंदूत पोचलेला परजीवी त्याने मरत असे आणि अन्यथा निश्चित मृत्यूकडे जाणारे रुग्ण उठून बसत. पण १०० पैकी ५ ते १० जणांच्या मेंदूवर तीव्र आघात होई आणि त्यांतील जवळपास निम्मे मरत. औषध शिरेतून जाताना आग होई. पुढील अर्धशतक आफ्रिकेतील डॉक्टर हेच औषध देत राहिले, कारण रोगाच्या शेवटच्या अवस्थेत बहुतेक ठिकाणी दुसरे काही हाती नव्हते. श्रीमंत देशांना हा रोग नव्हता, त्यामुळे नव्या औषधाची निकडही त्यांना नव्हती.

१९.
मेलार्सोप्रोल परजीवीला आधी का मारते, याचे उत्तर १९८० च्या दशकात मिळाले. १९८५ साली अॅलन फेअरलँब, अँथनी सेरामी आणि सहकाऱ्यांनी ट्रिपॅनोसोममध्ये ‘ट्रिपॅनोथायोन’ नावाचा पदार्थ शोधला. मानवी पेशीत तो नसतो. या परजीवीची ताणाविरुद्धची बहुतेक सारी संरक्षणव्यवस्था या एकाच पदार्थावर टांगलेली आहे. १९८९ साली त्यांनी दाखवले की आर्सेनिकची औषधे नेमकी यालाच जखडतात. एर्लिकच्या ‘ग्राहका’ला अखेर चेहरा मिळाला. पुढे हेही कळले की पोषक द्रव्ये आत घेण्याच्या परजीवीच्या दारातूनच हे औषध शिरते. ते दार बदलले की परजीवी औषधाला जुमानत नाही. १९०७ च्या उंदरांचे कोडेही असे सुटू लागले.

२०.
या इतिहासाचा एक धागा भारतात आहे. आवर्तसारणीत आर्सेनिकच्या खालीच अँटिमनी बसते आणि गंधकाशी त्याचे वागणेही तसेच. आसाम आणि बंगालमध्ये काळा आजार गावेच्या गावे रिकामी करत होता. कलकत्त्याच्या कॅम्पबेल रुग्णालयात, गॅस आणि पाण्याचा नळही नसलेल्या लहानशा खोलीत उपेंद्रनाथ ब्रह्मचारी यांनी १९२० च्या सुमारास अँटिमनीचे ‘युरिया स्टिबामाइन’ तयार केले. त्याने असंख्य प्राण वाचवले. काळ्या आजाराचा लिश्मानिया हा परजीवी ट्रिपॅनोसोमचा नातलग. त्याचे संरक्षणही ट्रिपॅनोथायोनच करते. हे रहस्य उघडण्याआधी सहा दशके ब्रह्मचारींचे औषध त्याच्यावर घाव घालत होते.

२१.
शतकाच्या अखेरीस बिहारमध्ये अँटिमनीची औषधे मोठ्या प्रमाणावर निष्फळ ठरू लागली. अपुरी मात्रा आणि अर्धवट उपचार ही कारणे होतीच. २०११ नंतर फेअरलँब यांच्या गटाने आणखी एक शक्यता मांडली. बिहारच्या अनेक भागांत कूपनलिकांच्या पाण्यात आर्सेनिक आहे. ते पिणाऱ्या माणसाच्या शरीरातील परजीवी वर्षानुवर्षे थोडे थोडे आर्सेनिक सोसत राहतो आणि त्याच जातीच्या अँटिमनीलाही सरावतो. उंदरांवरील प्रयोगात हे घडताना दिसले. प्रत्यक्ष माणसांत याचा वाटा किती, हा प्रश्न खुला आहे. वेढा कायमचा सैल ठेवला तर किल्ला उपासाला सरावतो, हे सूत्र मात्र एर्लिकच्या काळापासूनचे आहे.

२२.
आता पुन्हा कर्करोगाकडे. १९७० च्या दशकाच्या आरंभी ईशान्य चीनमधील हार्बिन येथे झांग तिंगदोंग या डॉक्टरांना खेड्यातील एका पारंपरिक उपचाराची माहिती मिळाली. त्यात सोमल, पाऱ्याचे एक संयुग आणि भेकाचे विष अशी तीन द्रव्ये होती. औषधनिर्माता हान ताइयुन याने त्यापासून टोचण्याजोगे द्रावण बनवले. नंतर झांग यांच्या गटाने एकेक घटक वगळून पाहिला आणि गुण सोमलाचा आहे, हे निश्चित केले. रक्तकर्करोगाचे वेगवेगळे प्रकार तपासताना एका प्रकारात परिणाम विलक्षण दिसला. त्याचे नाव तीव्र प्रोमायलोसायटिक रक्तकर्करोग.

२३.
हा रक्तकर्करोगांतील सर्वांत वेगाने मारणारा प्रकार. रक्त गोठण्याची यंत्रणा कोलमडते आणि मेंदूत वा फुप्फुसांत रक्तस्राव होऊन रुग्ण काही दिवसांत जातो. त्याचे मूळ एका अपघातात आहे : १५ व्या आणि १७ व्या गुणसूत्रांचे तुकडे परस्परांच्या जागी जोडले जातात आणि एक विकृत जोडप्रथिन तयार होते. ते पांढऱ्या पेशींना प्रौढ होऊ देत नाही. शांघायचे वांग झेन्यी यांनी १९८० च्या दशकात ‘अ’ जीवनसत्त्वाच्या एका रूपाने या पेशींना प्रौढ करून दाखवले. परंतु अनेकांत रोग उलटत असे आणि मग उपाय उरत नसे.

२४.
१९९२ साली हार्बिनच्या गटाने ३२ रुग्णांचा अहवाल दिला. त्यांतील सुमारे दोन तृतीयांश रुग्णांचा रोग पूर्ण मागे हटला होता. त्यानंतर शांघायच्या चेन झू आणि सहकाऱ्यांनी हार्बिनशी हातमिळवणी केली. १९९७ साली त्यांनी रोग उलटलेल्या १० रुग्णांना केवळ आर्सेनिक दिले. त्यांपैकी ९ जणांत रोग पुन्हा मागे हटला. १९९८ साली न्यूयॉर्कमध्ये १२ पैकी ११ रुग्णांत हेच घडले. सप्टेंबर २००० मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने आर्सेनिक ट्रायऑक्साइडला मान्यता दिली. कॉनन डॉयलच्या टिपणानंतर ११८ वर्षांनी सोमल रक्तकर्करोगाकडे परतले होते.

२५.
या वेळी ‘का?’ याचे उत्तर लवकर आले. या कर्करोगाच्या पेशींत पेरॉक्साइड आवरणारी यंत्रणा मुळातच दुबळी असते, त्यामुळे थोड्या आर्सेनिकनेही ताण मर्यादा ओलांडतो. शिवाय २०१० साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवले की आर्सेनिक त्या विकृत जोडप्रथिनाच्या गंधकटोकांनाच थेट धरते. ऑक्सिडीकरणाच्या ताणाने ही प्रथिने परस्परांत गुंततात, आर्सेनिक त्यांना पक्के करते आणि मग पेशीच त्यांचा निकाल लावते. कोठार रिकामे असलेल्या किल्ल्याचा मुख्य बुरूज ज्या दगडावर उभा होता, तोच दगड आर्सेनिकने काढून घेतला. म्हणूनच हा कर्करोग बरा होतो. लिसाउअरच्या काळात सगळ्याच रक्तकर्करोगांवर दिलेले तेच विष म्हणूनच टिकाऊ गुण देत नसे.

२६.
२०१३ साली युरोपातील एका मोठ्या चाचणीत ‘अ’ जीवनसत्त्वाचे रूप आणि आर्सेनिक या जोडीची तुलना जुन्या केमोथेरपीयुक्त उपचाराशी झाली. मध्यम आणि कमी जोखमीच्या रुग्णांपैकी जोडी मिळालेल्या गटात २ वर्षांनंतर ९७ टक्के जण रोगाच्या फेरउद्भवाविना जिवंत होते. दुसऱ्या गटात हेच प्रमाण ८६ टक्के होते. भारतात वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातील डॉक्टरांनी २००६ मध्ये ७२ रुग्णांचा अहवाल दिला. केवळ आर्सेनिकवर त्यांपैकी सुमारे ८६ टक्के रुग्णांचा रोग पूर्ण मागे हटला होता. महागडी केमोथेरपी न परवडणाऱ्या कुटुंबांसाठी या आकड्याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

२७.
या इतिहासाच्या दोन सोप्या आवृत्त्या समाजमाध्यमांवर फिरत असतात. एक म्हणते, ‘आपल्या पूर्वजांना हे सगळे ठाऊक होते.’ दुसरी म्हणते, ‘एका प्रतिभावंताने जादूची गोळी शोधली.’ दोन्ही अपुऱ्या. पारंपरिक अनुभवाने सोमलाकडे बोट दाखवले, हे हार्बिनमध्ये घडलेच. पण तीन द्रव्यांतून एक वेगळे काढणे, अनेक प्रकारांतून एक रोग निवडणे आणि मात्रा ठरवणे हे काम मोजणी आणि तपासणीने झाले. एर्लिकची प्रतिभा निर्विवाद आहे. तिच्यामागे बेर्टहाइमचे रसायन, हाताचे ससे आणि सेसे बेटांवरील अंध रुग्णांचा धडाही आहे.

२८.
म्हणूनच ‘कर्करोगावर सोमलयुक्त भस्म’ असा मजकूर दिसला, तर हचिन्सनचे रुग्ण आठवावेत. रुग्णालयात हे औषध देताना हृदयाच्या ठोक्यांची लय आणि रक्तातील क्षार यांवर नियमित लक्ष ठेवतात, कारण चूक जिवावर बेतते. इतर बहुसंख्य कर्करोगांत ते दुबळे कोठार नाही आणि तो विशिष्ट बुरूजही नाही. तेथे सोमल पुन्हा आपल्या जुन्या रूपात, म्हणजे विष म्हणूनच उभे राहते.

२९.
निद्रारोगाची कथाही अर्ध्यावर थांबलेली नाही. २०१८ साली फेक्सिनिडाझोल या गोळीला युरोपीय औषध संस्थेने अनुकूल मत दिले. तोंडावाटे घेता येणारे हे औषध परजीवीच्या आत शिरल्यावर त्याच्याच विकरांनी चेतवले जाते आणि त्याच्यावर रासायनिक आघात करते. तत्त्व जुनेच : शत्रूच्या घरातील दुबळेपणा हेरायचा. सेसे बेटांवर सुई टोचून घेणाऱ्यांना जे मिळाले नाही, ते त्यांच्या पणतवंडांना एका गोळीत मिळू लागले. मधे शतकाहून अधिक काळ गेला.

३०.
फाउलरने थेंब मोजले, कटलर आणि ब्रॅडफर्डने पेशी मोजल्या, फेअरलँबने परजीवीचे कोठार उघडून पाहिले, झांग यांनी तीन द्रव्यांतून एक वेचले. सोमल या साऱ्या काळात तेच राहिले, त्याचा एक अणूही बदलला नाही. बदलले ते माणसाचे रोगाविषयीचे ज्ञान. त्या ज्ञानाची किंमत मोजणारे बहुतेक लोक अनामिक आहेत. औषधाच्या इतिहासात शोधकांच्या नावांशेजारी त्यांच्यासाठीही एक जागा राखून ठेवायला हवी.

#इतिहास #विज्ञानाचा_इतिहास #धागा